केंद्रित चल सरासरी आणि शेअर भावांतील चक्रे

व्यापाऱ्याला चक्र नवे नाही. कापड दुकानाची बारा महिन्यांची विक्री ओळीने मांडली, की दिवाळीचा उंचवटा, लग्नसराईची भर आणि आषाढातील मंदी दरवर्षी आपापल्या जागी दिसते. या चक्राला कारण आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच त्याच्या भरवशावर माल भरता येतो. शेअर भावांचा आलेख पाहतानाही आपल्या डोळ्यांना हीच सवय असते. भाव चढले, उतरले, पुन्हा चढले. तेव्हा येथेही चक्र असणारच आणि ते सापडले, की खरेदी-विक्रीची वेळ सापडली, असे वाटू लागते. असे चक्र शोधण्याचे एक साधन म्हणजे केंद्रित चल सरासरी. साधन उपयुक्त आहे. परंतु त्याची मर्यादा ओळखल्यावाचून त्याच्यावर घरची पुंजी सोपवू नये.

प्रथम रीत पाहू. एका शेअरचे सात दिवसांचे भाव असे धरा : १००, १०४, १०८, १०६, १०२, ९८, ९६. पहिल्या पाच दिवसांची सरासरी १०४ येते. नेहमीच्या पद्धतीत ही सरासरी पाचव्या दिवसापुढे लिहितात. त्यामुळे सरासरीची रेषा भावाच्या मागे रेंगाळते. केंद्रित पद्धतीत तीच संख्या त्या पाच दिवसांच्या मध्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवसापुढे लिहितात. पुढील सरासरी १०३.६ चौथ्या दिवसापुढे, तर १०२ पाचव्या दिवसापुढे येते. आता भावातून सरासरी वजा करा. तिसऱ्या दिवशी ४ अधिक, चौथ्या दिवशी २.४ अधिक, पाचव्या दिवशी शून्य. मूळ कल बाजूला होऊन वरखाली होणारी लाट तेवढी उरते.

दुकानाच्या मासिक विक्रीलाही हीच रीत लागू पडते. सरासरी बारा महिन्यांची घेतली, की प्रत्येक सरासरीत सर्व महिने एकेकदा येतात, हंगामाचा परिणाम विरून जातो आणि धंदा मुळात वाढतो आहे की घटतो आहे, ते कळते. बारा ही सम संख्या असल्याने मध्य दोन महिन्यांच्या सीमेवर पडतो. म्हणून लगतच्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घेऊन ती एका महिन्यावर आणतात. सरासरीची लांबी चक्राइतकी असेल तर ते चक्र सरासरीतून नाहीसे होते आणि वजाबाकीत उठून दिसते, हे त्यामागील तत्त्व.

शेअर बाजारात ही पद्धत प्रसिद्धीस आणली ती जे. एम. हर्स्ट या अमेरिकन अभियंत्याने. १९७० साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात, भावांची हालचाल ही निरनिराळ्या लांबीच्या अनेक चक्रांची बेरीज असते, असे प्रतिपादन आहे आणि ती चक्रे सुटी करण्यासाठी त्यांनी केंद्रित सरासरीचा आधार घेतला आहे.

आता वरचे उदाहरण पुन्हा पाहा. सहाव्या आणि सातव्या दिवसापुढील जागा रिकामी राहिली. सहाव्या दिवसाची सरासरी काढण्यास आठव्या दिवसाचा भाव हवा आणि तो अजून यायचा आहे. लांबी ४१ दिवसांची असेल तर शेवटचे २० दिवस रिकामे राहतात. व्यापाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो तो आजच्या भावावर. आणि नेमके आजच हे साधन मौन धरते.

या मौनाची किंमत किती असते? २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळून २५,९८१ वर बंद झाला. आज तो तळ आलेखावर स्पष्ट दिसतो. परंतु त्या दिवसाची ४१ दिवसांची केंद्रित सरासरी काढण्यासाठी पुढील २० व्यवहाराचे दिवस थांबावे लागले असते, म्हणजे २४ एप्रिलपर्यंत. तोवर सेन्सेक्स ३१,३२७ वर, सुमारे एक पंचमांश वर गेला होता. शिवाय ती घसरण महासाथीच्या भीतीने झाली होती; ठरलेल्या चक्राचा फेरा म्हणून ती आली नव्हती.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. रशियन सांख्यिकीतज्ज्ञ यवगेनी स्लुत्स्की यांनी १९२७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरकारी लॉटरी-कर्जाच्या सोडतीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक त्यांनी घेतले. त्यांत कोणताही क्रम असण्याचे कारण नव्हते. परंतु दहा-दहा अंकांची चल बेरीज मांडताच लाटा उमटल्या. आणि त्या १८५५ ते १८७७ या काळातील इंग्लंडच्या व्यापारी तेजी-मंदीच्या आलेखाशी चकित करण्याइतक्या मिळत्याजुळत्या होत्या. सरासरी घेण्याच्या कृतीतूनच लाट निर्माण होऊ शकते, हा त्याचा अर्थ. कारण लगतच्या दोन सरासऱ्यांत बहुतेक आकडे समाईक असतात. त्यामुळे एक वर गेली की दुसरीही तिच्या पाठोपाठ जाते.

ही परीक्षा घरातही करता येते. शेअरच्या दोनशे दिवसांच्या भावातील रोजची वाढ-घट दोनशे चिठ्ठ्यांवर लिहावी, चिठ्ठ्या मिसळाव्या आणि ज्या क्रमाने हाती येतील त्या क्रमाने मूळ भावात मिळवत जावे. या बनावट भावांना तीच केंद्रित सरासरी लावावी. हे दहा-बारा वेळा करून पाहावे. तशाच सुबक लाटा याही आलेखांत दिसल्या, तर खऱ्या आलेखातील लाटेला बाजाराचे चक्र म्हणण्यास आधार उरत नाही. दुसरी कसोटी अशी : चक्राची लांबी जुन्या अर्ध्या आकड्यांवरून ठरवावी, ती लिहून ठेवावी आणि उरलेल्या अर्ध्यावर, काहीही न बदलता, तपासावी. संगणकाचे काही कार्यक्रम रिकाम्या शेवटच्या दिवसांवर अंदाजाची रेषा ओढून देतात. नवा भाव आला की ती बदलते. अशी रेषा पाहून सौदा करणे म्हणजे कच्च्या चिठ्ठीला पक्के बिल मानणे होय.

हा केवळ गणिताचा वाद नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. वेळ अचूक साधता येते, या विश्वासावरच असे व्यवहार उभे असतात. चक्र दाखवणारा सुंदर आलेख तो विश्वास वाढवतो. दलाली, कर आणि तोटा मात्र खिशातून जातो.

केंद्रित सरासरीचे खरे स्थान जमाखर्चाच्या मेजावर आहे. आपल्या दुकानाची तीन-चार वर्षांची मासिक विक्री तिने तपासली, तर हंगाम वेगळा होतो, धंद्याची खरी चाल कळते आणि पुढील माल किती भरावा याला आधार मिळतो. तेथे चक्राचे कारण आपल्याला आधीच माहीत असते. शेअर भावांबाबत ती होऊन गेलेल्या काळाचा चांगला हिशेब देते. तो हिशेब जरूर वाचावा; त्याला उद्याची हुंडी मात्र समजू नये.