ज्ञान घेतले, माणसे हाकलली!

अपघात झाला, हृदयविकाराचा झटका आला की प्रगत देशांत पॅरामेडिक धावून येतो. दवाखाना गाठेपर्यंत तो रुग्णाचा श्वास चालू ठेवतो. अमेरिकेत या व्यवसायाचा पाया कोणी घातला? पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेकार तरुणांनी! हा इतिहास आम्हाला कोणत्याच पाठ्यपुस्तकात शिकविला गेला नाही.

त्या काळी पिट्सबर्गमध्ये पोलीस रुग्णाला आपल्या गाडीत टाकून नेत. वाटेत उपचार नाहीत. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर पोलीस वेळेवर येतील याची खात्रीच नव्हती. म्हणून १९६७ साली ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. सीपीआरचे जनक मानले जाणारे डॉ. पीटर साफर यांनी या तरुणांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले. व्यवस्थेने ज्यांना कामाला नालायक ठरविले होते, तेच शरीरशास्त्र शिकले आणि रस्त्यावर माणसे जगवू लागले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्यासोबत काम करून जो अभ्यासक्रम घडविला, तो देशभरातील पॅरामेडिक शिक्षणाचा नमुना ठरला.

बक्षीस काय मिळाले? १९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पाडले. नव्या सेवेत गोऱ्यांचा भरणा झाला. अनुभवी कृष्णवर्णीयांना दुय्यम कामे देऊन हळूहळू बाहेर काढले. ज्ञान ठेवले, ज्ञान घडविणारे नकोसे झाले! १९७२ साली ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभारणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत नवी नाही.

आज पॅरामेडिकांचे काम, शिक्षण आणि मानसिक स्वास्थ्य यांवर संशोधन होते. ते झालेच पाहिजे. पण गाडी किती मिनिटांत पोहोचली, एवढेच मोजून भागणार नाही. रोज मरण पाहणाऱ्याला झोप लागते का? पगार वेळेवर होतो का? बढती कोणाला मिळते? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा धावते, तीही खासगी ठेक्यावर. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकला मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत घेतले. पण यादीत नाव आले म्हणून नोकरी कायम होत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. या कामगारांवर संशोधन करणाऱ्यांनी त्यांची जात, त्यांचा ठेका आणि त्यांचा थकवाही नोंदवावा. नोंदच नसेल, तर हक्क मागायचा कशाच्या आधारावर?