वाट नसलेली शिखरे

डोंगराची उंची जितकी अधिक तितकी त्याची चढाई बिकट, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. हिमालयाच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु असेही काही डोंगर आहेत की ज्यांच्यावर हिमनद्या नाहीत, उभे कडे फारसे नाहीत, ज्यांची उंची मुद्दाम सांगावी अशीही नाही. आणि तरीसुद्धा त्यांचा माथा गाठताना कसलेला माणूस मेटाकुटीला येतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दाट अरण्य असते आणि त्या अरण्यातून वाट गेलेली नसते, एवढेच याचे कारण.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात पसरलेला अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वत हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यातील सर्वांत उंच शिखर मार्सी हे १,६२९ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईहून (१,६४६ मीटर) ते थोडे ठेंगणेच ठरते. कळसूबाईवर जायला लोखंडी शिड्या आहेत आणि माथ्यावर देवीचे मंदिर आहे. मार्सीवरही रुळलेली वाट आहे व त्याचा माथा उघडा असल्याने तेथून चहूकडचा मुलूख दिसतो. आपल्याला येथे विचार करायचा आहे तो मार्सीच्या आसपासच्या, त्याहून बुटक्या आणि शेंड्यापर्यंत झाडांनी झाकलेल्या शिखरांचा.

या डोंगरांच्या पायथ्याशी मेपल, बीच व पिवळा भूर्ज यांचे रान असते. ही झाडे उंच व विरळ असल्याने त्यांच्याखालून चालणे तसे सुखाचे. मात्र एक झुडूप तेथे असे आहे की त्याच्या फांद्या वाकून जमिनीला टेकतात, तेथेच मूळ धरतात आणि नकळत पायात अडकतात. साधारण आठ-नऊशे मीटर उंचीनंतर रान पालटते. बाल्सम फर आणि तांबडा स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष एकमेकांना इतके खेटून उभे असतात की त्यांच्या खालच्या वाळक्या, टोकदार काटक्यांतून अंग चोरून वाट काढावी लागते. सह्याद्रीच्या उतारावर कारवीच्या दाटीतून जो गेला असेल त्याला याची थोडीशी कल्पना येईल. परंतु कारवी वाकते, स्प्रूसची वाळकी काटकी वाकत नाही, ती टोचते. खाली मोठमोठे धोंडे आणि त्यांवर शेवाळाची जाड गादी. त्या गादीखाली दोन धोंड्यांमधील पोकळी कोठे दडली आहे, हे पाय आत गेल्यावरच कळते. त्यातच वादळाने उन्मळलेली झाडे आडवी पडलेली असतात. २५ नोव्हेंबर १९५० रोजी झालेल्या वादळाने तर या पर्वतातील लाखो एकरांवरील झाडे झोपवली. अशा ठिकाणी माणूस चालत नाही. तो ओंडक्यांवरून चढतो, त्यांखालून सरपटतो, आणि तासाभराच्या धडपडीनंतर आपण जेमतेम अर्धा किलोमीटर आलो असे त्याच्या ध्यानात येते.

तथापि खरी अडचण अंगाला होणाऱ्या कष्टांची नाही. ती दिसण्याची आहे. समोर पाच-सात मीटरांपलीकडे काही दिसत नाही. माथा दिसत नाही, दरी दिसत नाही, अनेकदा सूर्यही दिसत नाही. अशा स्थितीत माणसाला सरळ रेषेत चालता येत नाही. २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी काही व्यक्तींना सपाट अरण्यात सरळ चालत राहण्यास सांगून त्यांचा माग यंत्राने नोंदवला. सूर्य दिसत होता तेव्हा ती माणसे बरीचशी सरळ गेली. आभाळ भरून आले होते तेव्हा ती वर्तुळे काढीत आपल्याच जुन्या वाटेवर परतली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. चकव्याच्या ज्या गोष्टी आपण लहानपणी ऐकतो त्यांच्या मुळाशी हाच अनुभव असावा.

म्हणून अशा रानात शिरणारा मनुष्य डोळ्यांऐवजी नकाशा, होकायंत्र आणि जमिनीचा उतार यांवर विसंबतो. होकायंत्राची सुई ही खरी उत्तर दाखवीत नाही, हे आपल्याकडे सहसा जाणवत नाही. कारण महाराष्ट्रात हा फरक नगण्य आहे. अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये मात्र सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १३ अंश पश्चिमेकडे झुकते. तेवढी दुरुस्ती करावयाची राहिली तर एका किलोमीटरमागे सव्वादोनशे मीटरांची चूक होते, आणि दाट झाडीत सव्वादोनशे मीटर म्हणजे दुसरीच सोंड. वायुदाबमापकाचा उपयोगही मोठा आहे. दर आठ-नऊ मीटर चढल्यावर हवेचा दाब सुमारे एक मिलिबारने उतरतो, त्यावरून आपण किती उंचीवर आहोत ते समजते. पण हवामान बदलले की दाबही बदलतो. दाब पाच मिलिबारने उतरला तर जागेवर बसलेला मनुष्यसुद्धा चाळीस मीटर चढल्यासारखा दिसतो! म्हणून ओढ्यांचा संगम किंवा खिंड अशी ओळखीची जागा आली की तेथे यंत्र पुन्हा लावून घ्यावे लागते. आजकाल उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी उपकरणे खिशात मावतात. तीही उपयुक्तच, परंतु घनदाट पानांखाली त्यांचा संदेश क्षीण होतो आणि थंडीत विजेरी लवकर उतरते.

याखेरीज एक जुनी युक्ती आहे. ओढ्यावरील एखाद्या ठरावीक जागी पोहोचायचे असेल तर नेमका तिचाच रोख धरावयाचा नाही, मुद्दाम थोडे डावीकडे चालावयाचे. मग ओढा लागला की उजवीकडे वळायचे, यात शंका उरत नाही. नेमका रोख धरणारा मात्र ओढ्याकाठी पोहोचून, आता वर जावे की खाली, या विचारात पडतो.

चढताना एक गोष्ट आपल्या बाजूची असते. डोंगराच्या सगळ्या सोंडा अखेर माथ्याकडे येतात, त्यामुळे चढ धरून राहिले की थोडीफार चूक आपोआप सुधारते. उतरताना नेमके उलटे घडते. माथ्यावरून सोंडा दहा दिशांना फुटतात. आरंभी दहा पावलांचा फरक पडला तर संध्याकाळी माणूस भलत्याच दरीत उतरलेला असतो, जेथून जवळचा रस्ता एका दिवसाच्या अंतरावर असू शकतो. वाट चुकण्याचा संभव उतरतानाच अधिक, म्हणून जाणती माणसे परतीची दिशा माथ्यावरच, अंगात त्राण असताना, ठरवून घेतात.

या शिखरांचा इतिहास फार जुना नाही. व्हरप्लँक कॉल्व्हिन हा तरुण १८७० च्या ऑक्टोबरात अल्व्हा डनिंग या वाटाड्यासह सेवर्ड शिखरावर वायुदाबमापक घेऊन चढला. उंची मोजणे हा त्याचा हेतू होता; परंतु त्याच्या अहवालात उंचीपेक्षा महत्त्वाचा ठरला तो इशारा, की ही अरण्ये तोडली गेली तर राज्यातील नद्या व कालव्यांचे पाणी आटेल. १८८५ मध्ये राज्याने वनसंरक्षणाचा कायदा केला, आणि १८९४ मध्ये राज्यघटनेतच अशी तरतूद झाली की ही सरकारी वनभूमी सदैव वन्य अवस्थेत राखावी व तिच्यावरील झाडे विकली, हलवली वा नष्ट केली जाऊ नयेत. ही तरतूद इतकी कडक आहे की १९५० च्या वादळानंतर पडलेली झाडे उचलावीत की नाहीत, हासुद्धा कायदेपंडितांचा विषय झाला.

पुढे १९१८ पासून १९२५ पर्यंत रॉबर्ट व जॉर्ज मार्शल हे दोघे भाऊ आणि त्यांचा वाटाड्या हर्बर्ट क्लार्क यांनी ४,००० फुटांहून उंच मानलेली सर्व ४६ शिखरे पायाखाली घातली. आरंभी रॉबर्ट सतरा वर्षांचा होता. यांतील बहुतेक शिखरांना त्या वेळी वाट नव्हती. त्यांचे पाहून इतरांनीही तोच नेम धरला. ग्रेस हुडोवाल्स्की ही १९३७ मध्ये तो पुरा करणारी नववी व्यक्ती आणि पहिली स्त्री होय.

झाडांनी झाकलेल्या माथ्यावर खरा सर्वोच्च बिंदू कोणता, हे ओळखणेही सोपे नसते. चारी बाजूंना सारखेच उंचवटे, सारखीच झाडे. तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यास गिर्यारोहकांच्या संघटनेने वाट नसलेल्या शिखरांवर एकेक डबा बांधला व त्यात नोंदीसाठी वही ठेवली. डबा सापडला की चढाई पुरी झाली. आनंदाची गोष्ट खरी. पण डबा आहे म्हणून माणसे येऊ लागली. त्यांची पावले जेथे पडत तेथे शेवाळ उखडले, पातळ माती वाहून गेली, आणि एकेका शिखराच्या अंगावर पाच-पाच, सहा-सहा आडव्यातिडव्या पायवाटा उमटल्या. आज ४६ शिखरे पुरी करणाऱ्यांची संख्या १०,००० हून पुष्कळ पुढे गेली आहे. या शतकाच्या आरंभी डबे काढून घेण्यात आले. वन्य भूमीत मानवी वस्तू असू नये हा नियम त्यांना लागू पडला. त्याच सुमारास राज्याचे वनाधिकारी आणि गिर्यारोहक यांनी मिळून प्रत्येक शिखराची एक वाट निवडली, बाकीच्या वाटांवर फांद्या टाकून त्या बुजवल्या. निवडलेल्या वाटांवर खुणा नाहीत, पाट्या नाहीत. तरी त्या वाटाच आहेत, हे मान्य करावे लागेल.

१९५३ च्या मोजणीत एक गमतीची बाब उघड झाली होती. मार्शल बंधूंच्या यादीतील ब्लेक, क्लिफ, नाय व काउचसाक्रागा ही चार शिखरे ४,००० फुटांना पोहोचत नव्हती, तर यादीबाहेरचे मॅकनॉटन शिखर नेमके ४,००० फूट भरले होते. यादी मात्र परंपरेला मान देऊन तशीच ठेवण्यात आली. काउचसाक्रागाकडे, जेमतेम ३,८२० फुटांच्या माथ्यासाठी, दलदल तुडवीत दर वर्षी शेकडो माणसे जातात. मॅकनॉटनकडे जाणारे त्यामानाने अगदी थोडे, आणि त्याच्या अंगावरील फरची दाटी अजून फारशी मोडलेली नाही.