एका भाकरीची सात ताटं

मुलांनो, भाकरी तुम्ही जेवणाच्या ताटात पाहता. पण ज्वारीच्या उभ्या झाडालाही शेतकरी 'ताट'च म्हणतात, हे ठाऊक आहे का? मग सांगा पाहू, तुमच्या ताटातल्या एका भाकरीला रानातली किती ताटं लागतात?

वही-पेन्सिल घ्या. समजा, एका एकरात 55 हजार ताटं उभी आहेत आणि पाऊसपाणी बरं झाल्यामुळे 8 क्विंटल ज्वारी निघाली. म्हणजे 8 लाख ग्रॅम. भागाकार केला की एका ताटाच्या वाट्याला येतात साधारण साडेचौदा ग्रॅम दाणे. भाकरीला 100 ग्रॅम पीठ धरा. झाली की नाही सात ताटं? घरात चार माणसं आणि प्रत्येकी दोन भाकरी, तर एका वेळच्या जेवणाला छप्पन्न ताटं!

आता ही ताटं वाढतात कशी ते ऐका, कारण खरी गंमत तिथंच आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे किंवा गंगापूरकडे जाताना काळी रानं लागतात. बहुतेक पिकं पाऊस सुरू झाला की पेरतात. रब्बीची ज्वारी मात्र पाऊस संपत आला की, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे चार महिने बहुधा थेंबही पडत नाही. कोरडवाहू रानात विहिरीचं पाणीही नसतं. मग ज्वारी पिते काय?

ती पिते जमिनीत साठलेलं पाणी. काळ्या मातीचे कण अगदी बारीक असतात. जून ते सप्टेंबर पडलेलं पाणी ते धरून ठेवतात आणि ज्वारीची मुळं खोलवर जाऊन ते शोधतात. ऊन तापलं की ही माती भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून शेतकरी कोळपं चालवतो. त्यानं तण निघतं आणि भेगाही बुजतात. ज्वारीही हुशार बरं का! तिच्या ताटावर पांढुरकी मेणासारखी भुकटी असते, तिच्यामुळे आतलं पाणी लवकर उडत नाही. ताटावरून बोट फिरवून पाहा, बोटाला लागेल.

पण जमिनीतली ही टाकी भरलीच नाही तर? घरात सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा असतील तर त्यांना 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारा. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस नव्हता आणि पीकही नव्हतं. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळायची. तिला म्हणायचे 'मिलो'. तिची भाकरी कशी लागायची, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

डिसेंबर-जानेवारीत कणसात दूध भरून दाणे हिरवे असतात. तेव्हा आगटीत भाजून खायचा तो हुरडा! त्यासाठी सुरती, गुळभेंडी असे गोड वाण वेगळे लावतात. भाकरीसाठी नावाजलेली मालदांडी 35-1 ही सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली. परभणीच्या कृषी विद्यापीठानंही 'परभणी मोती'सारखे वाण दिले आहेत.

दाणे भरले की पाखरांचे थवे उतरतात. पहाटे थंडीत कुणीतरी गोफण घेऊन माळ्यावर उभं राहावं लागतं, आणि ते कुणीतरी पुष्कळदा तुमच्याच वयाचं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताटं मुळासकट हातानं उपटतात. तळहाताला फोड येतात. मग कणसं मोडायची, मळणी करायची, आणि राहिलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधायच्या. हा कडबा म्हणजे बैल-म्हशींचं उन्हाळ्यातलं जेवण.

पालकांनो, हे थोडं तुमच्यासाठी. एकेकाळी आपल्याकडे दूरवर ज्वारीच दिसायची. आता कापूस, सोयाबीन, मका वाढले. त्यात शेतकऱ्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. रोख पैसा तिथं मिळतो, आणि ज्वारी उपटायला माणसं मिळत नाहीत. शिवाय गावात एकट्याचंच ज्वारीचं रान असलं तर सगळी पाखरं त्याच्याकडेच येतात, म्हणून तोही पुढच्या वर्षी पेरायचं सोडतो. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा ज्वारीचं कौतुक भरपूर झालं. कौतुकानं पाखरं थोडीच उडतात! दुकानात ज्वारी महाग लागली तर कुरकुरण्याआधी मुलांसमोर हा हिशेब जरूर मांडा.

मुलांनो, तुम्ही मात्र ऑक्टोबरात एक करा. मोठी कुंडी किंवा जुनी बादली घ्या. बादलीच्या तळाला भोकं पाडा, काळी माती भरा आणि स्वयंपाकघरातले चार-पाच दाणे पेरा. (दुकानातल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते नको.) बादलीत रानाइतकी खोल माती नसते, म्हणून अधूनमधून पाणी घाला. कोंब कधी आला, पान कितवं फुटलं, कणीस कधी बाहेर पडलं, तारखेसह वहीत लिहा. दाणे भरू लागले की चिमण्या तुमच्याही गच्चीवर येतील. तेव्हा कणसाला जुन्या सुती कापडाची पिशवी बांधा, आणि एक कणीस मात्र उघडंच ठेवा.