टेप बाहेरचा, वॉरंटी कोणाची?

आमच्या महाविद्यालयातील गणिताच्या एका प्राध्यापकांनी दोन वर्षांपूर्वी आयुष्यातील पहिली मोटार घेतली. भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम आणि बँकेचे कर्ज यांवर घेतलेली ही मोटार साहजिकच त्या नमुन्यातील सर्वांत स्वस्त प्रकारची होती. तीत गाणी ऐकण्याचे यंत्र नव्हते. त्या जागी डॅशबोर्डवर काळ्या प्लास्टिकचे झाकण होते. पंधरवड्याच्या आत त्यांनी शहरातील एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून पडद्याचा संच, दोन स्पीकर आणि एक लहान ॲम्प्लिफायर बसवून घेतला. आपल्याकडे याला अजूनही ‘टेप बसवणे’ असेच म्हणतात, जरी त्यात फीत फिरण्याचे केव्हाच थांबले आहे. पुढे पावसाळ्यात चालकाच्या बाजूची काच वर-खाली होईना, आणि त्याच सुमारास पुढच्या चाकाच्या शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागले. मोटार वॉरंटीच्या मुदतीत होती. सर्व्हिस सेंटरमधील गृहस्थांनी डॅशबोर्डकडे एक नजर टाकली आणि जॉबकार्डावर शेरा मारला : बाहेरून वायरिंग केल्याने वॉरंटी बाद.

शॉक ॲब्सॉर्बरचा आणि गाण्यांचा संबंध काय, हा प्रश्न गणिताच्या प्राध्यापकालाच सुचावा असे नाही. तो कोणालाही सुचेल. तरीही आपल्यातील बहुसंख्य ग्राहक असा शेरा वाचल्यावर मुकाट्याने खिशात हात घालतात, कारण वॉरंटी ही आपल्याला कंपनीने दाखविलेली मेहेरबानी वाटते.

वस्तुतः ती मेहेरबानी नव्हे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जो निबंध लिहिला (आणि ज्या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला), त्याचे मर्म असे की, वस्तूचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. ही दरी बुजविण्याचा एक मार्ग म्हणजे हमी. ‘माल खराब निघाला तर भुर्दंड माझा’ असे म्हणण्याची ज्याची तयारी आहे, त्याचा माल बरा असण्याची शक्यता अधिक. या हमीचा खर्च मोटारीच्या किमतीतच धरलेला असतो. म्हणजे ग्राहकाने वॉरंटी विकत घेतलेली असते, आणि विकत घेतलेली वस्तू परत काढून घ्यायची तर तसेच सबळ कारण हवे.

आता कंपनीची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती निव्वळ कांगावा नाही. आजची मोटार म्हणजे चाकांवर बसविलेले विजेचे जाळे आहे. लहान मोटारीची बॅटरी साधारणपणे पस्तीस अँपिअर-तासांची असते. गाडी बंद असताना तिच्यातून काही मिलिअँपिअर एवढाच प्रवाह जावा, अशी रचना असते. दुकानातील वायरमनने संचाची तार चुकीच्या जागी जोडली आणि गाडी बंद झाल्यावरही त्यातून अर्धा अँपिअर प्रवाह वाहत राहिला, तर ही बॅटरी सत्तर तासांत, म्हणजे जेमतेम तीन दिवसांत, पार रिकामी होते. खऱ्या चारशे वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात पस्तीस-चाळीस अँपिअर खेचू शकतो, आणि हा भार अल्टरनेटरच्या हिशेबात मुळात धरलेला नसतो. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेवर सुरुवातीलाच फ्यूज नसेल आणि ती तार पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली, तर मोटार पेटूही शकते. कपलर न वापरता मूळ तारा कापून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत आपल्या बाजारात किती रूढ आहे, हे वाचक जाणतात. अशा जोडणीमुळे जळालेल्या भागाचा खर्च कंपनीने सोसावा, असे कोणी म्हणू नये. तसे झाले तर तो खर्च अखेर पुढील मोटारींच्या किमतीत मिसळेल, आणि डिकीत वूफर ठेवून रस्ता दणाणून सोडणाऱ्या हौशी तरुणाचे बिल टेपही न बसविणाऱ्या निवृत्त कारकुनाला भरावे लागेल.

म्हणून वाद संबंध सिद्ध कोणी करायचा याचा आहे. बाहेरच्या जोडणीने जे बिघडले तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारणे वेगळे, आणि बाहेरची जोडणी दिसली म्हणून संपूर्ण मोटारीचीच वॉरंटी रद्द करणे वेगळे. सर्व्हिस सेंटरचा शेरा हा दुसऱ्या जातीचा होता.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर १९७५ साली कायद्याने दिले गेले. मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार उत्पादकाला, अमुकच कंपनीचा भाग वा सेवा वापरली तरच वॉरंटी, अशी अट घालता येत नाही. त्याला वॉरंटी नाकारायची असेल तर बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला हे त्याने दाखवून द्यावे लागते. कायदा झाला म्हणून वृत्ती बदलली असे मात्र नाही. तेथील व्यापार आयोगाला २०१८ साली सहा कंपन्यांना ताकीद द्यावी लागली, आणि २०२२ साली हार्ले-डेव्हिडसनसारख्या नामांकित मोटारसायकल कंपनीवर याच कारणासाठी कारवाई करावी लागली. योगायोग असा की, हा कायदा अमलात आला त्याच १९७५ साली मुंबईत मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली होती. त्या काळी आपला ग्राहक डाळ-तेलातील भेसळीशी आणि वजनातील मापट्याशी झगडत होता. वॉरंटीचा बारीक मजकूर हे दुखणे नंतरचे.

आपल्याकडे यासंबंधी सर्वांत महत्त्वाचा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये दिला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ न देता ग्राहकाला अधिकृत सेवाकेंद्रांशी बांधून ठेवल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड आयोगाने ठोठावला. दंडाच्या आकड्याने वृत्तपत्रांतील मथळे व्यापले. सामान्य मोटारधारकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा भाग मात्र मथळ्यांखाली दडून राहिला. ग्राहकाने बाहेरच्या कारागिराकडून काम करवून घेतले तर वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थिती तसे स्पष्टपणे समर्थनीय ठरवीत असेल तरच, वॉरंटी नाकारावी, असे त्या आदेशात म्हटले होते. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये काही कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवून दंड मात्र पुष्कळ घटविला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. या आदेशाचा विषय दुरुस्ती व सुटे भाग हा होता, टेप बसवणे नव्हे, हे मान्य. पण तत्त्व तेच लागू पडते. किंबहुना दुरुस्तीपेक्षा टेपच्या बाबतीत ते अधिक जोराने लागू पडावे, कारण टेपचा संबंध मोटारीच्या फारच थोड्या भागांशी येतो.

येथे त्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणाकडे पुन्हा वळले पाहिजे. फ्रेंच अभियंते व अर्थचिंतक ज्यूल द्यूपुई यांनी १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. डब्यांना छप्पर घालणे कंपनीला परवडत नव्हते असे नाही. ज्यांना दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडते त्यांनी तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून ते डबे गैरसोयीचे ठेवले जात. स्वस्त मोटारीत टेप नसतो तोही पुष्कळदा याच हिशेबाने. टेप हवा असेल तर वरच्या प्रकारची मोटार घ्या, आणि तिच्यासोबत आपल्याला नको असलेल्या आणखी चार गोष्टींचेही पैसे भरा. बाजारातील दुकानदार या व्यवस्थेला भोक पाडतो, आणि सरसकट वॉरंटी रद्द होण्याची भीती ते भोक बुजविते. शोरूममधील ॲक्सेसरीजच्या काउंटरवर तशाच संचाला बाजारापेक्षा बरीच जास्त किंमत सांगितली जाते, आणि वर विक्रेता पुस्ती जोडतो, ‘सर, आमच्याकडून बसवलात तर वॉरंटी सेफ.’ म्हणजे त्या वाढीव किमतीतील काही भाग संचाचा आणि काही भाग भीतीचा असतो. ज्या इमारतीत हा काउंटर आहे, त्याच इमारतीच्या मागील बाजूस बाहेरच्या टेपमुळे काय बिघडले याचा निवाडाही होतो, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

निवाडा मान्य नसेल तर ग्राहकाकडे उपाय आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे, आणि वस्तूतील दोष तपासणीखेरीज ठरत नसेल तर ती प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण आठ-नऊ हजारांच्या भागासाठी किती शिक्षक रजा टाकून तारखांना जातील? कंपनीच्या दृष्टीने असा वाद हजारोंतला एक असतो, ग्राहकाच्या दृष्टीने आयुष्यातला एकुलता एक. या विषम सामन्यात सिद्धतेचा भार ज्याच्याकडे अभियंते, यंत्रे आणि बिघाडांच्या नोंदी आहेत त्याच्यावरच असावा, आणि वॉरंटी नाकारताना कोणत्या जोडणीमुळे कोणता भाग कसा बिघडला हे लेखी देणे बंधनकारक असावे. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली आणि संकेतस्थळही उघडले. त्या चौकटीत एवढे एक कलम घालणे अवघड नाही.

आमच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच मागणी केली. शॉक ॲब्सॉर्बर आणि टेप यांचा संबंध सेवाकेंद्राच्या शिक्क्यानिशी कागदावर लिहून द्यावा, असे पत्र त्यांनी दिले व त्याची पोच घेतली. चौथ्या दिवशी शॉक ॲब्सॉर्बर विनामूल्य बदलून मिळाला. काचेच्या बाबतीत मात्र दार त्यांच्यासमोरच उघडण्यात आले. स्पीकर बसविताना दुकानातील मुलाने दाराच्या आतील पाणी अडविणारा प्लास्टिकचा पडदा टराटरा फाडला होता, आणि पावसाचे पाणी झिरपून काचेच्या मोटरीचा कपलर हिरवा पडला होता. त्या मोटरीचे पैसे त्यांनी स्वतः भरले, आणि बिल घेऊन ते ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना चहा पाजला आणि पैसे देण्यास नकार दिला, कारण टेपचे पक्के बिल प्राध्यापकमहाशयांनी घेतलेच नव्हते.