क्लच जड झालाय? आधी केबल बघा
आपले अनेक बांधव टॅक्सी, व्हॅन चालवून हलाल रोजी कमावतात. क्लच जड झाला की गुडघा दुखतो, वर गॅरेजवाला म्हणतो, "क्लच प्लेट बदला." आम्ही सांगतो, घाई नको. मारुती ८००, ओम्नी यांसारख्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो. इंजिन बंद करून केबल गिअरबॉक्सकडून सोडवायला सांगा आणि पेडल हाताने दाबा. तरीही जड लागलं तर केबल ओढून बघा. अडकत असेल तर लगेच बदला, भर घाटात तुटली तर पंचाईत. केबल मोकळी असेल तर पेडलच्या पिनेला ग्रीस लावा. पेडल हलकं झालं तर मात्र दोष आत आहे: फोर्क, रिलीज बेअरिंग किंवा प्रेशर प्लेट. तेव्हाच गिअरबॉक्स उतरवू द्या. नाहीतर मेहनतीचे पैसे फुकट जातात.