तांब्याचे पाणी, पितळेचे दूध

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेस निघालेल्या प्रवाशास किल्ल्याची टेकडी दिसू लागली, म्हणजे सोनगीर आले असे समजावे. ज्या गावाचा लौकिक पिढ्यान्‌पिढ्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर उभा आहे, त्या गावच्या तरुणांच्याही भ्रमणध्वनीवर तांब्याच्या पाण्याचे अगाध गुण वर्णन करणारा मजकूर यावा, यात वरकरणी आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. परंतु आरोग्यविषयक विश्वसनीय ज्ञान सामान्य माणसाच्या हाताशी कसे आले, आणि हाताशी येऊनही त्याच्या उपयोगी का पडले नाही, याचा गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घ्यावयाचा झाल्यास, या एका धातूइतका बोलका दाखला निदान खानदेशात तरी दुसरा मिळणार नाही.

पन्नास वर्षांपूर्वी आरोग्यविषयक शंकेचे निरसन करणारी माणसे ठरलेली असत. वैद्य होते, डॉक्टर होते; आणि पितळी पातेल्यात ताक वा चिंचेचे सार ठेवू नये, ठेवल्यास कळकते, हे बजावून सांगणारा कल्हईवालाही होता, ज्याच्या शास्त्राला पुस्तकाचा आधार नसला तरी अनुभवाचा होता. याच काळात, १९७६ मध्ये, मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्यातीलच पिंपळनेरचे, ही खानदेशाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. विश्वकोशाचा मोठा गुण माझ्या मते त्याच्या विस्तारात नसून नोंदीखाली येणाऱ्या लेखकाच्या नावात आणि संदर्भांत आहे. कारण लिहिणारा कोण आणि कशाच्या आधारे लिहितो, हे कळल्यावाचून वैद्यकातील कोणत्याही विधानाची शहानिशा होऊ शकत नाही. मात्र ते जाडजूड खंड पाहावयाचे तर मोठे ग्रंथालय गाठणे प्राप्त होते, आणि प्रपंच सोडून एवढ्यासाठी एसटीची वाट कोण धरणार?

त्याच सुमारास महाराष्ट्रातच एक असे संशोधन चालू होते, की ज्याची वार्ता सोनगीरला सर्वांआधी कळावयास हवी होती. यकृत निबर होऊन लहान मुले दगावण्याचा एक विकार तेव्हा भारतात आढळे; त्या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. टॅनर यांच्या सहकार्याने या मुलांच्या आहाराचा तपशील गोळा केला, तेव्हा तान्हेपणीच वरचे दूध सुरू होणे आणि ते दूध कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेले असणे, हा धागा हाती आला. दुधातील प्रथिने भांड्यातील तांबे स्वतःकडे ओढून घेतात, असे त्याचे कारण सांगितले गेले. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आणि १९८७ मध्ये अन्यत्र यासंबंधीचे निबंध आले. आनुवंशिकतेचाही यात वाटा असावा, असा आक्षेप काही संशोधकांनी पुढे घेतला, तो नोंदविणे न्यायाचे होईल. पण ‘लॅन्सेट’ वैद्यकीय महाविद्यालयांच्या कपाटात राहिले. घरोघरी पितळेची जागा स्टीलने घेतली ती किंमत, हलकेपणा आणि नवलाई यांमुळे. आणि तो विकार मागे हटला. आयाबायांनी समजून घ्यावयाच्या एका गोष्टीचे श्रेय अशा रीतीने ज्ञानाला कमी आणि बाजाराला अधिक मिळाले, हे मला आजही खटकते.

१९९७ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘पबमेड’ ही निबंधसूची जगास विनामूल्य खुली केली, आणि २००० मध्ये संपूर्ण निबंध वाचावयास देणारे त्याचे भावंड, ‘पबमेड सेंट्रल’, आले. ज्या दप्तराला आजवर कुलूप होते ते एकाएकी उघडे पडले. विश्वासार्ह संकेतस्थळांवर मोहोर उठविण्याचा उद्योगही जिनिव्हाच्या एका प्रतिष्ठानाने १९९६ पासून केला. तो २०२२ च्या अखेरीस बंद पडला. असल्या मोहोरेवर विसंबण्यापेक्षा मूळ कागद पाहण्याची सवय बरी, असे माझे मत त्यामुळे पक्केच झाले.

तो मूळ कागद तांब्याच्या पाण्याबाबत उपलब्ध आहे. बंगळूरच्या संशोधकांचा २०१२ मधील निबंध ढाक्याहून निघणाऱ्या एका नियतकालिकात छापला गेला असून ‘पबमेड सेंट्रल’वर तो कोणासही वाचता येतो. पटकी, विषमज्वर, हगवण इत्यादींचे जंतू मुद्दाम मिसळलेले भूजल तांब्याच्या भांड्यात नेहमीच्या तापमानास १६ तास ठेविले असता त्यातून जंतूंची वाढ होईना. पाण्यात उतरलेले तांबे लिटरला सुमारे ०.१७७ मिलिग्रॅम भरले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकाची इष्ट मर्यादा मात्र ०.०५ असून, दुसरे पाणी नसल्यास १.५ पर्यंत मुभा आहे. म्हणजे सोनगीरच्या घागरीची कीर्ती खोटी नाही. पण ती पाण्यापुरती, जंतूंपुरती आणि रात्रभराच्या मुदतीपुरती खरी आहे. सांधेदुखी, थायरॉईड वा कर्करोग यांविषयी त्या निबंधात चकार शब्द नाही.

भ्रमणध्वनीवरील मजकूर नेमक्या याच अटी गाळून पुढे धावतो. अटी गाळलेला मजकूर काय करू शकतो, हे याच धुळे जिल्ह्याने १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाहिले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवर विसंबलेल्या जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. ती अफवा आरोग्याची नव्हती, पण रुजुवात न करता पुढे ढकलण्याची वहिवाट तीच. खरी माहिती असूनही न पोहोचण्याचा दाखलाही दूर नाही. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रभर माणसे रेमडेसिविर या औषधाच्या कुपीसाठी रांगा लावीत होती, तेव्हा रुग्णालयातील करोनाबाधितांना ते देऊ नये अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने पाच महिन्यांपूर्वीच, २० नोव्हेंबर २०२० रोजी, जाहीर केलेली होती. ती गुप्त नव्हती. ती इंग्रजीत होती, आणि रात्री दोन वाजता धावपळ करणाऱ्या नातेवाइकाने ती शोधावी कोठे?

२०२५ च्या प्रारंभापासून केंद्र शासनाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेखाली सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली केली आहेत. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांची त्यामुळे सोय झाली; त्यांच्या आईवडिलांची झाली नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि विश्वकोश मंडळाने निदान महाराष्ट्रातील मुलांवर झालेल्या संशोधनाचे मराठी सारांश, अटी आणि आक्षेपांसह, लेखकाच्या नावानिशी प्रसिद्ध करावेत. आणि सोनगीरच्या विक्रेत्यांना माझी विनंती अशी, की प्रत्येक तांब्याच्या घागरीबरोबर चार ओळींची एक चिठ्ठी द्यावी: यात साधे पाणी रात्रभर ठेवावे, दूध व आंबट पदार्थ ठेवू नयेत, आणि दुखण्यास डॉक्टरांकडे जावे. धंदा त्याने बुडणार नाही.