मुलाची भेट, मुलाची सोपवणूक

वाचकहो, या सदरात आपण मुदत ठेवी, विमा, रक्तदाब आणि मधुमेह यांबद्दल नेहमी वाचतो. आजचा विषय जरा अवघड आहे. नवरा-बायको वेगळे राहू लागले की मुलाने दुसऱ्या पालकाला कधी, कुठे आणि कोणाच्या देखत भेटायचे? आपल्या मंडळींत यावर कुजबूज होते, पण उघड बोलणे होत नाही. मी वकील नाही, संगणक अभियंता आहे. मात्र गेले वर्षभर एका परिचित जोडप्याच्या मुलीच्या भेटी आमच्या घरी होत आहेत. त्यानिमित्ताने बरेच वाचले आणि जाणकारांना विचारले. त्यातले उपयोगी तेवढे इथे देतो.

देखरेख कशासाठी?

यात दोन गोष्टी येतात. पहिली, तिसऱ्या माणसाच्या उपस्थितीत होणारी भेट. मारहाण, व्यसन, मूल पळवून नेण्याची भीती किंवा फार दिवसांची ताटातूट असेल तर ती लागते. दुसरी, नुसती सोपवणूक. भेट मोकळीच असते, पण मूल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना आई-वडील समोरासमोर येत नाहीत. भांडणे बहुधा दारातच होतात, म्हणून हा उपाय.

ब्रिटनमध्ये यासाठी खास केंद्रे आहेत. त्यांची राष्ट्रीय संघटना १९९१ साली स्थापन झाली. पुष्कळ केंद्रे स्वयंसेवकच चालवतात. आपल्याकडे कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा. त्यानुसार या न्यायालयांत समुपदेशक असतात आणि आधी समेटाचा प्रयत्न होतो. मुंबईत वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मुलांसाठी वेगळा विभाग आहे. न्यायालयाच्या आदेशाने अनेक आई-वडील तिथे आपल्या मुलांना भेटतात.

मस्कतमध्ये राहणाऱ्यांनी काय ध्यानात ठेवावे?

ओमानचा वैयक्तिक कायदा १९९७ चा आहे. मुस्लिमेतरांना त्यांचे स्वतःचे नियम लागू होण्याची तरतूद त्यात आहे. हिंदू कुटुंबांसाठी भारतात हिंदू विवाह कायदा, १९५५ आहे. त्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांबद्दल न्यायालय आदेश देऊ शकते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा अज्ञान पालकत्व कायदा सांगतो. पालकत्वाचा अर्ज मात्र मूल जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात करावा लागतो (पालक व पाल्य कायदा १८९०, कलम ९). मूल मस्कतच्या शाळेत असताना पुण्यात अर्ज करायचा असेल, तर हा प्रश्न आधी वकिलाला विचारावा.

दुसरी गोष्ट व्हिसाची. पुष्कळ घरांत पत्नी आणि मुले पतीच्या व्हिसावर असतात. रागाच्या भरात व्हिसा रद्द केला तर मुलाची शाळा, मित्र आणि वडिलांची भेट हे सारे एकदम तुटते. उलट, न सांगता मुलाला घेऊन विमानात बसणे हेही तितकेच घातक. मुलांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे मूल परत मिळवण्याचा सरळ मार्ग नसतो. भारतातली न्यायालये मुलाचे हित पाहून प्रत्येक प्रकरण वेगळे ठरवतात, आणि त्यात मुलाची वर्षे जातात.

आमचा अनुभव

मुलगी सात वर्षांची. आई अल खुवैरला स्वतःच्या नोकरीवर राहते, वडील घालाला. दोघांच्या परवानगीने लिहीत आहे. दर शुक्रवारी चार वाजता आई तिला आमच्याकडे सोडून जाते, सव्वाचारला वडील येतात. सात वाजता याच्या उलट. मधली पंधरा मिनिटे मुद्दाम ठेवली आहेत.

पहिले काही शुक्रवार ती घड्याळाकडेच पाहत असे. एकदा तिने माझ्या पत्नीला विचारले, "काकू, आज इथे कोणी ओरडणार नाही ना?" एका शुक्रवारी वडिलांना चाळीस मिनिटे उशीर झाला. तेवढा वेळ ती पायांत बूट घालून दारात उभी होती, बसायलाही तयार नव्हती. त्यानंतर आम्ही नियम लिहून काढले: उशीर होणार असेल तर आधी फोन, वीस मिनिटांनंतर भेट रद्द. पैशांचा निरोप मुलीबरोबर पाठवायचा नाही. परतल्यावर "तिकडे काय झाले?" अशी उलटतपासणी करायची नाही. आता ती वडिलांबरोबर कॅरम खेळते, गृहपाठही करते.

एक सूचना मात्र महत्त्वाची. मारहाणीचा किंवा मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मित्राचे घर पुरेसे नाही. तिथे पोलीस, दूतावास आणि वकील यांचीच मदत घ्यावी.

तब्येत आणि पैसा

भेटीच्या आदल्या दिवशी मुलाचे पोट दुखणे, झोप उडणे, अंथरूण ओले होणे या तक्रारी ताणाने होऊ शकतात. लगेच दुसऱ्या पालकाला दोष देऊ नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्याचबरोबर, मूल एखादी गोष्ट आपणहून सांगत असेल तर ती शांतपणे ऐकून घ्यावी.

शाळेची फी, आरोग्य विमा आणि सुट्टीतले तिकीट कोण भरणार हे कागदावर असावे. पोटगी थकली म्हणून भेट थांबवू नये आणि भेट चुकली म्हणून पोटगी थांबवू नये. दोन्ही गोष्टी मुलाच्याच आहेत.

एक पालक भारतात असेल तर फोनची वेळ ठरवावी. ताबा नसलेल्या पालकाला, विशेष कारण नसल्यास, रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या एका निकालात म्हटले आहे. आपले घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे इथले साडेसहा, शाळकरी मुलासाठी सोयीची वेळ.

आपल्या ओळखीत असे घर असेल तर कोणाची बाजू बरोबर हे ठरवत बसू नका. शुक्रवारचे तीन तास आणि एक खोली देता येईल का, एवढे विचारा. दोघांनीही होकार दिला तरच पुढे जा, आणि नियम पहिल्याच दिवशी लिहून घ्या.